पंचेचाळीस अंशांच्या पुढे

यवतमाळहून परत आलेला तो चष्मा रुपेश सोनकुसरेनं सकाळी दहाला तपासणीच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याला वाटलं होतं, आत धूळ गेली असेल, साफ करून पाठवून देऊ. मे महिन्यात असे दोन-तीन चष्मे येतच. बुटीबोरीच्या त्या लहानशा कारखान्यात चष्म्यांच्या उष्णतेचं सगळं काम त्याच्याकडे होतं आणि गेल्या दीड वर्षात धुळीपलीकडे काही निघालं नव्हतं.

त्यानं लेझर अगदी मंद केला आणि चष्म्याला पूर्ण काळं चित्र दाखवायला लावलं. काळं चित्र म्हणजे समोरच्या पांढऱ्या पडद्यावर काहीच उमटायला नको. पण पडद्यावर एक नारिंगी चौकट उमटली. चौकटीत चार उभे गज. खिडकी.

त्यानं चष्मा बंद केला, पुन्हा चालू केला. खिडकी तशीच होती.

चष्मा होता आंधळ्या माणसांचा. आनुवंशिक आजारानं ज्यांच्या डोळ्यांतल्या उजेड टिपणाऱ्या पेशी मरून जातात, त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर मागं उरलेल्या दुसऱ्या पेशींना एका इंजेक्शननं उजेड ओळखायला शिकवता येऊ लागलं होतं. पण या पेशींना घरातला, रस्त्यावरचा उजेड पुरत नाही. त्यांना एकाच रंगाचा जोरकस प्रकाश लागतो, आणि तो लेझरच देऊ शकतो. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो. मग दोन्ही डोळ्यांपुढच्या नखाएवढ्या चिपांवरचे लाखो आरसे ते दृश्य लेझरनं थेट डोळ्याच्या पडद्यावर काढतात. एकेक आरसा केसाच्या जाडीहून लहान, इवल्याशा बिजागरीवर बसवलेला. एका बाजूला कलला की उजेड डोळ्यात जातो, दुसऱ्या बाजूला कलला की आतल्या काळ्या पत्र्यावर पडून विझतो. सेकंदाला हजारो वेळा हे कलणं चालू असतं.

अडचण होती ती उष्णतेची. आरसा कितीही चकचकीत असो, पडलेल्या उजेडातला थोडा वाटा तो पितोच, आणि तापतो. म्हणून लेझर किती जोरात चालवायचा याला दोन मर्यादा होत्या. एक डोळ्याची, दुसरी आरशाची. आरसे एकसारखे इकडून तिकडे कलत असतील तर सत्तर अंशांपर्यंत त्यांना काही होत नाही. पण एखादा आरसा तासन्‌तास एकाच बाजूला पडून राहिला, तर पंचेचाळीस अंशांच्या पुढेच त्याच्या बिजागरीला वळण पडायला लागतं. वळण पडलेली बिजागरी परत येत नाही. कारखान्यातल्या सगळ्यांनी सत्तरचा आकडा धरला होता. पंचेचाळीसचा धरला नव्हता, कारण माणसाची मान आणि नजर कधी एका जागी ठरत नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. रुपेशनंही धरलं होतं.

डॉ. सबनीस मॅडम, म्हणजे प्रयोगाच्या प्रमुख, येऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"किती आरसे?"

"एकशे अठरा. सगळे डोळ्याच्या बाजूला अडकलेत."

"रुग्ण कोण?"

"वामनराव ढोबळे. निवृत्त पोस्टमास्तर. मांडीचं हाड मोडलं म्हणून पाच आठवडे पलंगावर पडून होते. पलंग खिडकीसमोर."

"आणि डोळा?"

रुपेशनं दवाखान्याचा अहवाल त्यांच्याकडे सरकवला. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर भाजल्याचे बारीक डाग. रुग्णाला वेदना नाही. वेदना होणारच नव्हती. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. तो गुपचूप जळतो.

"ठरलेल्या चाळीस टक्के जोरावरच होता ना लेझर?" मॅडमनी विचारलं.

"चाळीसच. पण चष्म्यातल्या नोंदीत दुपारचं चिपच्या पाठीमागचं तापमान अठ्ठावन्न दाखवतंय. त्यांची मुलगी म्हणाली, घरातही डोक्याला दुपट्टा गुंडाळून असायचे."

उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या चष्म्याच्या दोन्ही दांड्यांत होत्या, कानशिलाजवळ. मार्च ते जून विदर्भात अख्खं जग कानशिलावरून दुपट्टा बांधून फिरतं. मॅडमच्या स्वतःच्या स्कूटरच्या डिकीत एक होता. आणि हे दीड वर्षात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"सगळ्यांना बंद करायला सांगायचं का?" रुपेश म्हणाला.

"एका नगावरून चौसष्ट माणसांना परत अंधारात ढकलू? एकदा बंद केलं की वर्षभर परवानगी मिळायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दोन दिवस द्या. चार चष्मे गरम पेटीत ठेवून बघू. चाळीस टक्क्यांवर हे वारंवार होतं का, ते आधी कळू दे."

चाळीस टक्के हा शब्द त्यांनी दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा रुपेशनं नजर टेबलावरच्या चष्म्याकडे वळवली. चौसष्टातला एक चष्मा चाळीसवर नव्हता. तो पासष्टवर होता. तो पासष्टवर नेणारा रुपेश होता, आणि चष्मा त्याच्या सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांवर होता.

हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण "ठीक आहे" एवढंच बाहेर आलं.

*

वनिता त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. तिला तो बाई म्हणायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून इंजिनिअरिंगला पाठवण्यापर्यंत सगळं बाईनं केलं, ते कोशातून धागा काढून. पवनीला त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोशाचं रेशीम निघायचं. पस्तिसाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. नंतरची एकोणीस वर्षं तिनं बोटांच्या चिमटीतल्या जाणिवेवर धागा काढला. नवरा वारला, मुलगी प्रांजली मोठी झाली, भंडाऱ्याला नर्सिंगला गेली. बाईनं तिला वयाच्या तिसऱ्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं.

चष्मा मिळाला तो गेल्या दिवाळीत. फेब्रुवारीत ती महिन्याच्या तपासणीला नागपूरला आली आणि रुपेशच्या घरी उतरली. चहा पिताना म्हणाली, "माझे हात दिसतात रे मले. धागा नाही दिसत. एकोणीस वर्षं हातानं काय केलं ते मले पाहायचं आहे."

रुपेशनं एक रात्र हिशेब मांडला. पासष्ट टक्के लेझर डोळ्याच्या मर्यादेच्या आत बसत होता. अठ्ठावीस अंश हवेत आरसेही सत्तरच्या आत राहत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या चष्म्यात प्रयोगशाळेतलं जास्त जोराचं सेटिंग घातलं आणि कोणालाही सांगितलं नाही. बाईनं साडीच्या पदराचा सुटलेला एक धागा ओढून डोळ्यांपुढं धरला आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली.

फेब्रुवारीत ते गणित बरोबर होतं.

साडेअकराला त्यानं कारखान्याच्या मागच्या पायरीवर उभं राहून तिला फोन लावला.

"बाई, चष्मा घातला आहे का आता?"

"हो. काहून?"

"एक विचारू? डोळ्यापुढं एखादा ठिपका, एखादी रेघ दिसते का? मान हलवली तरी न हलणारी?"

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना. कामात आहे मी."

"बाई, चष्मा काढून ठेव. मी येतो तोवर घालू नको."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रुपेशला तिचा 'बरं' लहानपणापासून ठाऊक होता. ती ऐकणार नव्हती.

दुरून चष्मा बंद करण्याची सोय नव्हती. रुग्णांच्या डोळ्यांशी कोणी बाहेरून खेळू नये, म्हणून चष्म्यांना इंटरनेट मुद्दामच दिलं नव्हतं. हा निर्णय झाला त्या बैठकीत रुपेशनंच त्याची बाजू घेतली होती. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तपासणीचा लॅपटॉप उचलला आणि गाडी उमरेडच्या रस्त्याला काढली.

*

रस्त्यावर माणूस नव्हता. गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान सेहेचाळीस होतं आणि दूरवर डांबर पाण्यासारखं हलत होतं. थंड हवा पूर्ण सोडूनही रुपेशची पाठ सीटला चिकटली होती. तो मनात हिशेब करत होता आणि हिशेब दर वेळी आधीपेक्षा वाईट निघत होता.

तापमापक चिपच्या पाठीवर असतो. आरशांचा दर्शनी भाग त्याहून गरम. चाळीस टक्क्यांवर फरक दहा अंशांचा, म्हणून पाठ साठवर गेली की चष्मा आपोआप बंद होईल अशी योजना होती. साठ आणि दहा, सत्तर. पासष्ट टक्क्यांवर फरक सोळा अंशांचा. म्हणजे चष्मा बंद होण्याआधी आरसे शहात्तरपर्यंत जाऊ शकतात. फेब्रुवारीत पाठ कधी अडतीसच्या वर गेली नव्हती, म्हणून त्यानं हा सहा अंशांचा फरक सोडून दिला होता. आता तो त्याला सोडत नव्हता.

आणि नजर? डोळा सतत हलतो, म्हणून अडकलेल्या आरशाचा उजेड पडद्यावर एका जागी फार वेळ पडत नाही. साधा माणूस यावर वाचतो. पण धागा काढणाऱ्या बाईची नजर त्यानं लहानपणी पाहिली होती. घरात भांडं पडलं तरी ती धाग्यावरून उठत नसे.

भिवापूरला पोचता पोचता त्यानं तिला तीनदा फोन केला. वाजत राहिला. मग त्यानं प्रांजलीला लावला.

"मामा, मी वॉर्डात आहे, पटकन सांग."

"आई दुपारची किती वेळ बसते कामाला?"

"अकरा ते चार. कोशाची ऑर्डर आहे तिच्याकडे. काहून?"

"तिनं तुला काही सांगितलं का? दिसण्याबद्दल?"

प्रांजली घुटमळली. "तुला सांगू नको म्हणाली होती. मागच्या रविवारी मला विचारत होती, धागा एक आहे का दोन. एक हलतो, एक हलत नाही म्हणे. मी म्हटलं मामाला विचार, तर शपथ घातली मला." मग तिचा आवाज बारीक झाला. "मामा, काय झालं आहे?"

"मी पोचतो आहे तिच्याकडे," रुपेश म्हणाला.

*

दार नुसतं लोटलेलं होतं. मधल्या खोलीत पंखा बंद, कूलर बंद. वाऱ्यानं कोशाचे तंतू उडतात, म्हणून धागा काढताना पंखा लावत नाहीत, हे रुपेशला माहीत होतं. माहीत असूनही त्याच्या कुठल्याच हिशेबात ते आलं नव्हतं. उकडलेल्या कोशांचा ओलसर, जड वास खोलीत भरला होता. बाई पायानं चालवायच्या छोट्या यंत्रापुढं बसली होती, डोकं आणि कान दुपट्ट्यात घट्ट गुंडाळलेले, चष्मा त्याच्या आत. भांड्यातल्या सात-आठ कोशांतून तंतू वर येत होते आणि एक धागा होऊन तिच्या नाकासमोरून सरळ वर जात होता. तिचा पाय हलत होता, बोटं हलत होती. मान हलत नव्हती.

रुपेश उंबऱ्यातच थबकला. माणसाची स्थिर मान त्याला इतकी भीतीदायक कधी वाटली नव्हती.

"बाई, डोळे मीट."

ती दचकली नाही. पाय थांबवून म्हणाली, "आलाच तू."

"आधी डोळे मीट. मग बोलू."

तिनं मिटले. त्यानं दुपट्टा सोडला, चष्म्याच्या दांडीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. दांडी तव्यासारखी तापली होती. दांडी आणि कानशिलाच्या मध्ये दुमडलेल्या कापडाच्या पट्ट्या शिवलेल्या होत्या.

"हे काय?"

"चटका लागत होता. म्हणून चिंध्या लावल्या."

तिनं पट्ट्या शिवल्या होत्या त्या नेमक्या उष्णता बाहेर पडायच्या जागी. रुपेशनं चष्मा काढून लॅपटॉपला जोडला आणि भिंतीकडे तोंड करून काळं चित्र लावलं. उजव्या बाजूनं भिंतीवर बारा ठिपके उमटले. डाव्या बाजूनं एक उभी रेघ उमटली, अखंड, सुईनं ओढल्यासारखी. तीनशे चाळीस आरसे.

"माझ्याकडे बघ," तो म्हणाला. मग स्वतःचंच बोलणं त्याच्या लक्षात आलं. चष्म्याशिवाय तिला काहीच दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यात नेमकं काय उरलं आहे, हे दवाखान्याचं यंत्रच सांगणार होतं. "डाव्या डोळ्यानं मध्ये काय दिसायचं, बाई? रेघ सोडून?"

"मधात काही नाही. थोडं वाकडं पाहिलं का दिसते."

"केव्हापासून?"

"झाले आठ-दहा दिवस. दुखलं नाही रे काही. दुखलं असतं तर सांगितलं असतं."

रुपेश खाली फरशीवर बसला. तिनं आवाजावरून त्याचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला ते अधिकच सहन होईना.

"सकाळी फोनवर नाही काहून म्हणालीस?"

"हो म्हटलं असतं तर तू चष्मा नेला असता." ती थांबली. "तुले नाही कळायचं, रुपेश. पहिल्यांदा गेली ना नजर, तेव्हा भेव नव्हतं वाटलं एवढं. हळूहळू गेली. आता एकदम जाईन. मले रोज उठल्यावर तेच भेव. आज चालू होते का नाही."

"तो डोळा जळाला आहे, बाई. मी जाळला. जोर मी वाढवला होता."

"मी मागितला होता."

मग बाई हलक्या आवाजात म्हणाली, "उजवा चांगला आहे ना? त्याच्यावर चालू दे. जोर कमी कर. दुपट्टा नाही बांधत मी. कोणाले सांगू नको. सांगितलं तर तुझी नोकरी जाईन अन् माझा चष्मा."

हे करता येण्यासारखं होतं. पाच मिनिटांचं काम. तीस टक्के जोर, चिंध्या काढलेल्या, दुपारी वापर बंद. जास्त जोराची नोंद पुसून टाकायलाही त्याला तेवढाच वेळ लागला असता. त्यानं बोटं लॅपटॉपवर ठेवली. ती बोटं मुळीच कापत नव्हती, याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"बाकीचे किती लोक आहेत?" बाईनं विचारलं.

"पोस्टमास्तर अन् तू सोडून बासष्ट."

"दुपट्टा तर सगळेच बांधत असतीन."

रुपेशनं भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं.

"अन् विचारलं तर सगळे नाहीच म्हणतीन," ती म्हणाली. "माझ्यासारखे." तिचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता, त्याची पकड घट्ट झाली आणि मग सैल. "लाव फोन तुझ्या मॅडमले. माझ्यासमोर लाव, नाही तर तू नाही लावायचा."

त्यानं लावला. सबनीस मॅडमना त्यानं पहिल्यांदा पासष्ट टक्क्यांचं सांगितलं, मग रेघेचं, मग चिंध्यांचं, मग बंद पंख्याचं. मॅडमनी आधी दिवस विचारले.

"किती दिवस पासष्टवर होता?"

"नव्वद."

"याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, रुपेश?"

"कळतो."

"सकाळी सांगितलं असतं तर पाच तास वाचले असते," मॅडम म्हणाल्या. "मीही थांबायला नको होतं. यादी पाठवते. अर्धी मी घेते, अर्धी तुम्ही. आत्ता सुरू करा."

*

पहिल्या तीन माणसांनी रुपेशला तेच सांगितलं जे बाईनं सांगितलं होतं. रेघ नाही, ठिपका नाही, सगळं छान आहे. एकानं तर विचारलं, कंपनीला चष्मे परत घ्यायचे आहेत म्हणून हे चाललंय का. चौथ्या नावाला बाईनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"नमस्कार. मी वनिता निनावे, पवनीहून बोलते. मलेही तुमच्यासारखाच चष्मा आहे. होता. माझा एक डोळा जळाला त्यानं. मले रेघ दिसत होती अन् मी सकाळीच नाही म्हणून सांगितलं. आता तुम्ही सांगा."

पलीकडची बाई रडायला लागली. तिला एक गोल दिसत होता. देवघरातल्या समईचा.

त्यानंतर रुपेश नुसते नंबर लावून देत होता आणि बोलत बाई होती. कोणी भांडलं, कोणी देवाची शपथ घेतली, एकानं फोन आपटला. तिनं पुन्हा लावायला सांगितला. जो लगेच नाही म्हणायचा त्याला ती चष्मा काढून थंड जागी ठेवायला सांगून सोडून द्यायची. जो थांबून नाही म्हणायचा त्याच्याशी ती बोलत राहायची. एकदा रुपेशनं घाई केली तेव्हा तिनं त्याला हातानं गप्प केलं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, भांड्यातले कोश गार झाले, तिच्या घशाला कोरड पडली. तिनं पाणी मागितलं नाही. तोच उठून देत राहिला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. दवाखान्यानं चौसष्ट जणांचे डोळे तपासले. अकरा जणांच्या चष्म्यांत आरसे अडकले होते. वामनराव आणि वनिता धरून पाच जणांचा पडदा भाजला होता. त्या पाचांत पासष्टवर एकटी वनिता होती. बाकीचे चार चाळीसवरच भाजले होते, त्यामुळे कोणालाच सगळा दोष रुपेशवर टाकून मोकळं होता आलं नाही, आणि त्यालाही होता आलं नाही. चौकशी झाली, त्यानं लेखी कबुली दिली, त्याची नोकरी गेली. स्थिर चित्रासाठी पंचेचाळीस अंशांची मर्यादा लिहिली गेली. नजर ठरली की चित्र आपोआप जरासं हलवायचं आणि आरशांना उलटसुलट व्यायाम द्यायचा, असा बदल सुचवला गेला. सुचवणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. नवे चष्मे केव्हा येतील, याची तारीख अजून कोणी दिलेली नाही. वनिता पुन्हा बोटांवर धागा काढते. डावा डोळा परत मिळणार नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं फक्त उजव्याबद्दल विचारलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी साडेसहाला यादीत एकच नाव उरलं होतं: दिनकर भोयर, आर्वी, वय एकाहत्तर, घरी एकटे. दुपारपासून पाच वेळा फोन वाजून बंद झाला होता. सहाव्या वेळी तो उचलला गेला.

बाईनं आपलं नाव सांगितलं. डोळ्याचं सांगितलं. मग विचारलं.

भोयरांच्या घरात टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"ते चष्म्याचं असते का?" ते म्हणाले. "मले वाटलं, डोळ्यातच काही झालं. टीव्हीची चौकट आहे. टीव्ही बंद केला तरी जात नाही."

"चष्म्याचं आहे. काढा तो."

"बाई, घरी कोणी नाही माझ्या. तेरा वर्षं अंधारात काढली. आता काढला अन् परत नाही दिसलं तर? भेव लागते."

रुपेशनं बहिणीकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते आणि समोरच्या भिंतीवर कुठंतरी लागले होते. तिचा मोकळा हात मांडीवर घट्ट मिटलेला होता.

"मलेही लागून राहिलं," ती म्हणाली. "दुपारपासून बसली आहे मी तशीच. परत कधी दिसन, ते मले माहीत नाही. माझा भाऊ इथं बसला आहे, इंजिनिअर आहे तो. त्यालेही माहीत नाही. पण मी फोन ठेवत नाही. काढा."

फोनमधून श्वास ऐकू येत राहिला, जड आणि भरभर. मग कापडाची सळसळ झाली, दुपट्टा सोडल्यासारखी. मग लाकडावर धातू टेकल्याचा लहानसा आवाज आला.

"काढला," भोयर म्हणाले.

"आता खाली बसा," बाई म्हणाली, "अन् तुमच्या घरात काय काय ऐकू येते, ते सांगा मले."